एका रात्रीत बंद झालेला बाजार: कांदा, निर्यातबंदी आणि एका शेतकरी कंपनीचा हंगाम

हे प्रकरण चांदवड आणि निफाड तालुक्यांच्या शिवेवरच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं आहे. काळ जून 2023 ते डिसेंबर 2023, आणि पुढचे थोडे पडसाद. कंपनीचं नाव-गाव दिलेलं नाही. त्या पट्ट्यातल्या अशा कंपन्यांचे व्यवहार कसे चालतात याचा नमुना म्हणून ती इथे उभी केली आहे, आणि तिचे टन-रुपयांचे आकडे हिशोब कळावा म्हणून गोल केले आहेत. सरकारी निर्णय, त्यांच्या तारखा आणि जाहीर झालेले दर मात्र जसेच्या तसे आहेत.

बाजार मोकळा सोडावा की सरकारने हात घालावा, हा वाद कांद्याइतका उघडा दुसऱ्या कुठल्या पिकात पडत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणला आंदोलनाची सुरुवात कांद्यापासून केली ती उगाच नव्हे. म्हणून हा एकच हंगाम बारकाईने पाहायचा आहे.

पार्श्वभूमी

नाशिकचा कांदा वर्षातून तीनदा येतो. खरिपाचा लाल कांदा साधारण नोव्हेंबरपासून, त्यामागोमाग रांगडा, आणि मार्च ते मे या काळात काढणीला येणारा उन्हाळ कांदा. यातला फक्त उन्हाळ टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त असतं, तीन-चार आठवड्यांत तो विकावाच लागतो. देशाची जून ते ऑक्टोबरची गरज जवळजवळ पूर्णपणे चाळीतल्या, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधल्या, उन्हाळ कांद्यावर भागते. म्हणजे कुणीतरी तो पाच महिने सांभाळायचा, त्यातली घट सोसायची आणि जोखमीचे पैसे भावातून काढायचे. साठवणाऱ्याला साठेबाज म्हणण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं: चाळी भरल्या नाहीत तर सप्टेंबरात दिल्ली-मुंबईच्या भाजीवाल्याकडे कांदाच नसेल.

चाळीत कांदा ठेवला की तो कमी होत जातो. आधी वजन घटतं, पावसाळी दमट हवेत सड लागते, शेवटी कोंब फुटतात. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत 30 ते 40 टक्के घट धरून चालतात. 2023च्या मार्च-एप्रिलमध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती. मानेत पाणी राहिलेला कांदा चाळीत गेला आणि टिकवण त्या वर्षी कमीच होती.

कंपनीचे सभासद तीनशेच्या आसपास. जून 2023 मध्ये कंपनीने सभासदांकडून सरासरी 11 रुपये किलोने 400 टन उन्हाळ कांदा घेतला, 44 लाख रुपयांचा. पैसे खेळत्या भांडवलाच्या कर्जातले. दुबई आणि कोलंबो इथल्या दोन खरेदीदारांशी आधीच्या वर्षापासून व्यवहार होता. निर्यात करायची ती याचसाठी: लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात जी गोष्ट हाताबाहेर असते, म्हणजे भाव, ती थोडी तरी आधी ठरवता यावी.

कंपनीच्या सभांत नेहमी दोन तट पडायचे. जुन्या शेतकरी संघटनेतून आलेले म्हणायचे, सरकारने कांद्याला हात लावू नये, चढ आमचा आणि पडही आमची. तरुण सभासद म्हणायचे, पड आमच्याच वाट्याला येते, तेव्हा तळाचा भाव तरी सरकारने धरावा. दोघांचंही रोजचं जगणं मात्र नियमनाच्या आधारावरच चालतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाजार समितीतला उघड लिलाव, मान्य काट्यावरचं वजन, त्याच दिवशीचं पेमेंट, 2016 पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची आडत (म्हणजे आडत्याची दलाली) हे सगळे कायद्याने घालून दिलेले नियम आहेत. ते उद्या काढून टाका असं त्या सभेत कुणीच म्हटलं नसतं.

अडचण, पहिली: 19 ऑगस्ट

शनिवार, 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, 31 डिसेंबरपर्यंत. त्या दिवशी कंपनीचे दोन कंटेनर कोलंबोच्या वाटेवर होते. प्रत्येकात 28 टन माल, 40 फुटी शीत कंटेनर, जाळीच्या गोण्या. दर ठरला होता टनाला 330 डॉलर, बंदरावर जहाजात चढवून. 83 रुपयांच्या डॉलरने तो किलोला 27 रुपये 40 पैसे होतो.

इथे एक बारीक गोष्ट निर्णायक ठरली. निर्यातीला कुठला शुल्कदर लागणार हे सौदा कधी झाला, बिल कधी भरलं किंवा गाडी कधी निघाली यावर ठरत नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम 16 प्रमाणे, माल जहाजात चढवायला अधिकाऱ्याने ज्या दिवशी परवानगी दिली त्या दिवसाचा दर लागतो. पहिल्या कंटेनरला ती परवानगी शुक्रवारी, 18 तारखेला मिळाली होती. दुसरा शुक्रवारी रात्री बंदरात शिरला, कागद शनिवारी पुढे सरकणार होते. एकच सौदा, एकच खरेदीदार, एकाच शेडमधून एका दिवसाच्या अंतराने निघालेला माल, आणि दुसऱ्या कंटेनरवर किलोला जवळपास 11 रुपये शुल्क. 28 टनांचे 3 लाख 7 हजार रुपये. 

कोलंबोच्या खरेदीदाराने वाटा उचलायला नकार दिला. करारात शुल्क बदललं तर कुणी भरायचं हे लिहिलेलंच नव्हतं. कंपनीची पहिली चूक हीच, आणि ती सरकारची नव्हती.

समोरचे पर्याय

दुसऱ्या कंटेनरचं काय करायचं, याला एका दिवसात उत्तर हवं होतं. शुल्क भरून पाठवला तर किलोमागे जवळपास 11 रुपये त्यातच जाणार. परत आणायचा तर बंदरातून माल बाहेर काढायला कस्टम्सची परवानगी लागते, एजंट तिला ‘बॅक टू टाऊन’ म्हणतात. त्यात तीन-चार दिवस जातात आणि तोवर शीत कंटेनरच्या विजेचं आणि जागेचं भाडं चढत राहतं. व्यवस्थापकाने तिसरा हिशोब मांडला: परत आणायचा, पण नाशिकला नाही. न्हावा-शेवा बंदरापासून वाशीचा बाजार अगदी जवळ आहे, माल तिथेच उतरवायचा. नाशिकला परतीचं भाडं घालून पुन्हा लिलावात उभं राहण्यात अर्थ नव्हता, आणि लिलाव तसेही बंदच होते. शुल्काच्या निषेधात 21 ऑगस्टपासून व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत खरेदी थांबवली होती.

मोठा प्रश्न चाळीतल्या मालाचा होता. 400 टनांतली 12 टक्के घट जाऊन 352 टन राहिले होते, 56 टन कंटेनरमध्ये गेले, म्हणजे चाळीत 296 टन. 22 ऑगस्टला केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत आणखी 2 लाख टन कांदा 2,410 रुपये क्विंटलने घेण्याचं जाहीर केलं.

सगळा माल सरकारी खरेदीला द्यावा, असा एक गट. 11 रुपयांचा कांदा 24 रुपये 10 पैशांना जातोय, हात जोडून द्यावा. पण त्या खरेदीला प्रत लागते: साधारण 45 मिलिमीटरपेक्षा मोठा, कोरडा, पत्ती म्हणजे वरची साल धरलेला, कोंब नसलेला. अवकाळीत सापडलेल्या मालातून तसा किती निघेल हे चाळ फोडल्याशिवाय कळत नाही, आणि चाळ एकदा फोडली की उरलेला माल पुन्हा रचून ठेवणं म्हणजे सडीला आमंत्रण.

सगळा धरून ठेवावा, असा दुसरा गट. त्यांचा अंदाज होता की खरिपाच्या लागवडी लांबल्या आहेत, लाल कांदा उशिरा येणार आणि ऑक्टोबरमध्ये भाव चढणार. अंदाज बरोबर होता. पण भाव चढला की दिल्ली पुन्हा हात घालणार हेही तितकंच नक्की होतं, आणि ते मात्र या गटाने हिशोबात धरलं नव्हतं. 1998 मध्ये दिल्लीच्या विधानसभेची निवडणूक कांद्याच्या भावावर गाजली, त्यानंतर कुठल्याही पक्षाचं सरकार चढत्या कांद्याकडे हात बांधून बघत बसलेलं नाही.

काय केलं

संचालकांनी मधला मार्ग धरला, आणि या हंगामातला तो सगळ्यात चांगला निर्णय होता. आधी चाळी पाहायच्या, मग चाळीप्रमाणे ठरवायचं. प्रत्येक चाळीच्या मधून आणि तळातून दोन-दोन क्रेट काढून शेडमध्ये आणले. प्रतवारीच्या जाळीवर बायका बसल्या: मोठा माल पुढे, गोल्टी म्हणजे लहान कांदा खाली, जोड आणि कोंबाळलेला बाजूला, आणि मान दाबून पाहायची. अंगठ्याखाली मान मऊ लागली की तो कांदा आठ दिवसांचा सोबती. ज्या चाळीच्या क्रेटमध्ये दहात दोनाहून जास्त माना मऊ निघाल्या, ती चाळ लगेच फोडायची. ज्या कडक होत्या, त्या तशाच ठेवायच्या.

यातून 150 टन सरकारी खरेदीला गेले, 24 रुपये 10 पैशांनी 36 लाख 15 हजार. 36 टन गोल्टी आणि दुय्यम माल 12 रुपयांनी गेला. 110 टन कडक माल चाळीत राहिला. वाशीला उतरवलेल्या कंटेनरमधून 26 टन विकण्याजोगा निघाला, भाव मिळाला 19 रुपये. बंदरातला आणि परतीचा वरखर्च 1 लाख 10 हजार.

20 सप्टेंबरपासून जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी पुन्हा लिलाव बंद केले. बंद दोन आठवड्यांच्या आसपास चालला. शुल्क रद्द करा, बाजार फी कमी करा, सरकारी साठ्यातला कांदा इथल्याच बाजारात आणू नका, अशा मागण्या होत्या. मागण्यांत तथ्य होतं, पण बंदची किंमत चाळीतल्या कांद्याने चुकवली. बाजार मोकळा असावा म्हणणाऱ्यांनीच बाजार बंद ठेवला, आणि ज्याच्याकडे थेट खरेदीदार नव्हता तो शेतकरी अडकला. खरेदीदार थोडे असले की सरकारचा हस्तक्षेप नसतानाही बाजार मोकळा राहत नाही, ही बाजू संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्यांनीही त्या वेळी मान्य केली.

ऑक्टोबरमध्ये भाव भराभर चढला. 110 टनांचे 84 टन उरले होते. 25 तारखेच्या सुमारास 44 टन सरासरी 38 रुपयांनी दिले. उरलेले 40 टन थांबवले, कारण बाजारात पन्नाशीची भाषा सुरू झाली होती. शनिवार, 28 ऑक्टोबरला केंद्राने टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे किलोला सुमारे 67 रुपयांखाली कांदा बाहेर जाणार नाही. ते 40 टन नोव्हेंबरच्या सुरुवातीला 33 रुपयांनी गेले. थांबण्याची किंमत 2 लाख रुपये.

उन्हाळ कांद्याचा एकूण हिशोब असा बसला. विक्री सुमारे 83 लाख. खरेदी 44 लाख, हमाली-प्रतवारी-गोण्या-वाहतूक 14 लाख, व्याज 2 लाख, वाशीचा फेरा 1 लाख 10 हजार. शिल्लक 22 लाखांच्या आत-बाहेर. शुल्क, बंद, किमान मूल्य या सगळ्यांतून जाऊनही हंगाम फायद्यात होता. डिसेंबरची चूक या यशातूनच झाली.

अडचण, दुसरी: 7 डिसेंबर

नोव्हेंबरअखेर दुबईच्या खरेदीदाराने चार कंटेनर लाल कांदा 800 डॉलरच्या थोड्या वरच्या दराने मागितला. 20 टक्के आगाऊ रक्कम दिली. आणखी एकाने वेगळा प्रस्ताव ठेवला: कागदावर 800 डॉलर दाखवू, खरा दर कमी ठेवू, फरक दुसऱ्या वाटेने परत करा. किमान मूल्य खऱ्या बाजारभावाच्या फार वर ठेवलं की असले प्रस्ताव येतातच. तो परकीय चलनाच्या कायद्याचा सरळ भंग आहे. अध्यक्षांनी “दादा, हे आपलं काम नव्हं” एवढंच म्हणून फोन ठेवला. हा निर्णयही चांगल्यांत धरावा, कारण शेतकऱ्यांच्या कंपनीचा निर्यात परवाना एकदा गेला की तीनशे घरांची वाट बंद होते.

दुबईच्या मागणीसाठी 112 टन लाल कांदा सरासरी 39 रुपयांनी उचलला, चारही कंटेनरचा एकदमच. आवक वाढत असली तरी भाव आणखी चढेल ही धास्ती होती. गोण्या, भराई, वाहतूक धरून किलोला 42 रुपये पडले.

गुरुवारी, 7 डिसेंबरला अधिसूचना निघाली: 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद, 31 मार्च 2024 पर्यंत. सूट फक्त ठरावीक मालाला होती: जो जहाजात चढवायला सुरुवात झाली आहे, ज्याचं शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सकडचा कागद) भरलं आहे आणि जहाज बंदरात लागलं आहे, किंवा जो माल अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात गेला आहे. सौदा झालेला, आगाऊ रक्कम घेतलेला, गोण्यांत भरलेला माल या सुटीत बसत नव्हता.

एक कंटेनर 6 तारखेला कस्टम्सच्या नोंदीत गेला होता, तो सुटला. एक कसारा घाट उतरून पुढे गेला होता. 56 टन शेडमध्ये रचलेले होते, गोण्यांवर दुबईच्या खरेदीदाराचा छाप मारलेला.

लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या घरातला सरासरी भाव लगेच कोसळला आणि महिना संपेपर्यंत निम्म्याच्याही खाली गेला. वाटेतला कंटेनर ऑगस्टच्या अनुभवाने सरळ वाशीला वळवला आणि 28 रुपयांनी सुटला. हा शहाणपणा कामी आला. शेडमधल्या मालात मात्र पुन्हा ऑक्टोबरचीच चूक झाली. 20 टन पहिल्या चार दिवसांत 29 रुपयांनी दिले आणि 36 टन थांबवले. नाशिकला मोर्चे निघाले आहेत, निवडणूक तोंडावर आहे, दोन आठवड्यांत निर्णय मागे घेतील, असा तर्क होता. लाल कांद्याला दोन आठवडे नसतात. त्यातले 3 टन सडले, 33 टन 17 रुपयांनी गेले.

84 टनांचा खर्च 35 लाख 28 हजार, हाती आले 19 लाख 25 हजार. तोटा 16 लाख. सुटलेल्या कंटेनरने सहा-एक लाख भरून काढले. तीन कंटेनरची आगाऊ रक्कम परत करावी लागली.

सभासदाच्या शेतातला हिशोब याहून कडवट होता. दोन एकर लाल कांदा, एकरी 80 क्विंटल धरला तर 16 टन. 6 डिसेंबरला 40 रुपयांनी जाणारा माल महिनाअखेर 17 रुपयांनी गेला असेल तर फरक 3 लाख 68 हजारांचा. कंपनीने चुका केल्या, त्याचं तिने भोगलं. या शेतकऱ्याने फक्त कांदा थोडा उशिरा काढला होता.

पुढे काय झालं

मार्च 2024 मध्ये बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवण्यात आली. मेच्या सुरुवातीला, नाशिक-दिंडोरीच्या लोकसभा मतदानाला दोन आठवडे असताना, ती उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि त्यावर 40 टक्के शुल्क लावून. दोन्ही मिळून टनाला 770 डॉलर, किलोला सुमारे 64 रुपये. त्या दराने घेणारा कुणी कंपनीला मिळाला नाही. 13 सप्टेंबर 2024 रोजी किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 पासून.

तेव्हा उन्हाळ कांद्याचं भरघोस पीक बाजारात उतरत होतं. निर्यात खुली होती आणि भाव पडलेले होते. दरवाजा उघडला म्हणून भाव येत नाही, गिऱ्हाईक लागतं. मधल्या दीड वर्षात ते पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळलं होतं. कोलंबोच्या खरेदीदाराने स्पष्ट विचारलं: या वर्षी मध्येच थांबवणार नाही याची हमी कोण देणार? कंपनीकडे त्याचं उत्तर नव्हतं.

कंपनीला वेगळं काय करता आलं असतं

करार आधी बघू. शुल्क, किमान मूल्य किंवा बंदी आली तर सौदा रद्द, किंवा शुल्क अर्धं-अर्धं, ही दोन वाक्यं ऑगस्टच्या सौद्यात असती तर दुसरा कंटेनर वाशीला नेण्याआधी बोलायला जागा राहिली असती. आता कंपनी ही अट घातल्याशिवाय गोणी भरत नाही.

डिसेंबरची खरेदी एकरकमी करायला नको होती. एका वेळी एक कंटेनर: माल घ्यायचा, भरायचा, कस्टम्सच्या नोंदीत घालायचा, मग पुढच्याची खरेदी. भाव चढला तर दोन-तीन रुपये जास्त गेले असते. 112 टनांवर ती रक्कम साडेतीन लाखांच्या आत राहते, आणि त्या बदल्यात किमान 56 टन बंदीच्या तोंडी सापडले नसते. 800 डॉलरचं किमान मूल्य हाच खरं तर इशारा होता. चार महिन्यांत शुल्क, मग किमान मूल्य, अशी पावलं पडत असताना तिसरं पाऊल बंदीचं असणार हे ओळखायला हवं होतं. 2019 आणि 2020 मध्येही सप्टेंबरात बंदी आलीच होती.

आणि थांबण्याचा नियम. ऑक्टोबर आणि डिसेंबर, दोन्ही वेळा संचालकांनी शेवटचा हिस्सा अंदाजावर थांबवला. उन्हाळ कांद्यात तो अंदाज 2 लाखांना पडला, लाल कांद्यात 4 लाखांहून जास्त. टिकाऊ मालावर थांबता येतं, नाशवंत मालावर नाही. हे प्रत्येक सभासदाला पाठ आहे. तोटा दिसायला लागला की मात्र पाठ असलेलंच आधी विसरतं, म्हणून आता ते ठरावात लिहिलं आहे: लाल कांद्याच्या बाबतीत धक्का बसला तर सगळा माल पाच दिवसांत काढायचा, मग भाव काहीही असो.

सरकारला वेगळं काय करता आलं असतं

सरकारची बाजू खोटी नव्हती. 2023-24 मध्ये देशातलं कांदा उत्पादन आधीच्या वर्षीच्या 302 लाख टनांवरून सुमारे 242 लाख टनांवर आल्याचं सरकारी अंदाज सांगतात. तुटवडा खरा होता. रोजंदारीवरच्या घरात 70-80 रुपयांचा कांदा ही चैनीची नव्हे, जेवणाची गोष्ट आहे. ग्राहकासाठी काहीच करू नका, हा सल्ला कुठलंही सरकार ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

प्रश्न कधी, किती आणि किती आधी सांगून, हा आहे. जून 2020 च्या अध्यादेशाने अत्यावश्यक वस्तू कायद्यात एक चांगली तरतूद आणली होती: फळं-भाज्यांचे किरकोळ भाव आधीच्या 12 महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या दुप्पट झाले, तरच साठा मर्यादा. आकडा आधी लिहिलेला असला की व्यापारी, शेतकरी, सरकार तिघेही एकच पाटी वाचतात. पण त्याच वर्षी 14 सप्टेंबरला परकीय व्यापार कायद्याखाली निर्यातबंदी आली. एका कायद्याने दिलेली खात्री दुसऱ्या कायद्याने काढून घेतली. पुढे 2021 मध्ये तीन कृषी कायदे मागे घेतले गेले, त्यात ती तरतूदही गेली.

निर्यातीलाही असाच आधी जाहीर केलेला जिना हवा. अमुक भावाला 10 टक्के शुल्क, त्यापुढे 20, त्यापुढे 40. आगाऊ सूचना दिली तर सगळे घाईने माल बाहेर काढतील, हा आक्षेप खरा आहे, आणि बंदीसारख्या एकदम मोठ्या पावलाला तो लागू पडतो. पायरी-पायरीने चढणाऱ्या शुल्काला तो फारसा लागू पडत नाही, कारण धावपळ करून वाचणारे पैसे थोडे असतात. आणि बंदी आणायचीच असेल तर आगाऊ रक्कम आलेल्या, बँकेच्या नोंदीत असलेल्या सौद्यांना सूट द्यावी. असा माल देशाच्या पुरवठ्यापुढे नगण्य असतो. छोट्या निर्यातदाराचं मात्र सगळं भांडवल त्यात अडकलेलं असतं.

दुसरी गोष्ट तळाची. फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये लाल कांदा दोन-चार रुपयांवर आला तेव्हा राज्याने नंतर क्विंटलमागे 350 रुपये, तेही 200 क्विंटलपर्यंत, अनुदान दिलं. पीक पाहणीची नोंद नसलेले त्यासाठी खेटे घालत राहिले. तेव्हा बाजार आपलं काम करू दे म्हणणारं सरकार डिसेंबरात बाजाराला काम करू देत नाही, हा शेतकऱ्याचा राग रास्त आहे. चढाला झाकण घालायचं असेल तर पडीला बूड लावावं लागेल: एप्रिल-मेमध्ये आवकेच्या भरात, आधी जाहीर केलेल्या दराने साठ्याची खरेदी. ऑगस्टमध्ये 24 रुपयांनी घेतलेल्या कांद्याऐवजी मेमध्ये 14-15 रुपयांनी घेतला असता तर सरकारचा खर्चही कमी, आणि भाव चढल्यावर सोडायला माल हाताशी.

2025 च्या उन्हाळी हंगामात कंपनीने 400 ऐवजी 250 टन कांदा भरला. सभेत त्यावर दोन तास वाद झाला. जुने कार्यकर्ते आणि तरुण सभासद या वेळी एका बाजूला होते, आणि दोघांचीही मागणी एकच: शुल्काचा दर काय ठेवायचा तो ठेवा, पण जूनमध्ये सांगा. दुबईचा खरेदीदार परत आला आहे, एका वेळी एक कंटेनर, आगाऊ रक्कम 10 टक्के, आणि करारात शुल्काचं कलम पहिल्या पानावर.